मलाडला जन्मलेला अंधार

हिंदी सिनेमात भूत यायचं असलं की आधी दिवे विझतात. चेहऱ्याची एक बाजू उजळते, दुसरी काळोखात जाते, भिंतीवर जाळीची सावली पडते. ‘महल’मध्ये (१९४९) हा अंधार ज्याने रंगवला, तो जोसेफ विर्शिंग भारतात पहिल्यांदा आला तो मात्र उन्हात काम करायला.

जन्म १९०३, म्युनिचचा. तिथल्या एमेल्का कंपनीने हिमांशू राय यांच्यासोबत १९२५ साली ‘लाइट ऑफ एशिया’ हा बुद्धचरित्रावरचा मूकपट काढला. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन. कॅमेऱ्यावर विली किअरमायर आणि विशी नुकतीच ओलांडलेला विर्शिंग. स्टुडिओतले सेट नाहीत, कृत्रिम दिवे नाहीत, रंगरंगोटी नाही, हे चित्रपटाच्या सुरुवातीलाच अभिमानाने लिहिलेलं आहे. सगळी भिस्त इथल्या उन्हावर.

जर्मन कॅमेरामन आणि सावल्या म्हटलं की समीक्षक लगेच ‘कॅलिगारी’चं नाव घेतात. मला ते अर्धंच पटतं. तो चित्रपट बर्लिनचा, रंगवलेल्या पडद्यांचा. विर्शिंगची इथली सुरुवात उघड्यावरची. त्याला अंधाराकडे नेलं ते आवाजाने. बोलपट आला आणि चित्रीकरण बंदिस्त, आवाज रोखणाऱ्या स्टुडिओत शिरलं. तिथे ऊन नाही. जेवढं दिसायला हवं तेवढंच दिवे लावून उजळायचं, बाकीचं आपोआप काळं. राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली मलाडला बॉम्बे टॉकीज उभी केली, ऑस्टेन-विर्शिंगही तिथे आले. ‘जवानी की हवा’ (१९३५) ही खुनाची गोष्ट, ‘अछूत कन्या’ (१९३६) रेल्वे फाटकाची.

त्याच स्टुडिओच्या लॅबमध्ये खांडव्याहून आलेला कुमुदलाल गांगुली सहायक होता. (खांडवा तेव्हा मध्य प्रांतात, म्हणजे राजधानी आपलं नागपूर. चित्रपट वितरणाच्या धंद्यात या पट्ट्याला अजूनही ‘सी. पी. बेरार’च म्हणतात; प्रांत गेला, नाव उरलं.) ऑस्टेनला तो नायक म्हणून पसंत नव्हता, असं सांगतात. तरी ‘जीवन नैया’त तो नायक झाला आणि अशोककुमार म्हणून विर्शिंगच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहिला.

१९३९ साली महायुद्ध पेटलं आणि इथल्या जर्मनांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध करण्यात आलं. ऑस्टेन मायदेशी परतला, विर्शिंग राहिला. स्टुडिओचं काम अडलं नाही: ‘किस्मत’चा (१९४३) कॅमेरा आर. डी. परींजा यांनी सांभाळला, आणि त्यातला पाकीटमार अशोककुमारच.

पुढे याच अशोककुमारने निर्मिलेल्या ‘महल’मध्ये विर्शिंग पुन्हा आला. दिग्दर्शक कमाल अमरोही, समोर मधुबाला, आणि संकलक बिमल रॉय. रॉय यांनी १९५८ साली ‘मधुमती’ केला. पुनर्जन्म, ओसाड हवेली, दिव्याचा खेळ, सगळं ओळखीचं. कॅमेरा दिलीप गुप्तांचा, पण त्या अंधाराचं गोत्र मलाडचंच, असं मी म्हणेन.

अमरोहींच्या ‘पाकीजा’साठी विर्शिंगला सिनेमास्कोप आणि रंगाशी जुळवून घ्यावं लागलं. सावली रंगात कशी धरायची हे तो साठीत शिकत होता. १९६७ साली तो मुंबईत वारला, चित्रपट अर्धवट. उरलेलं काम अनेक कॅमेरामननी पूर्ण केलं आणि ‘पाकीजा’ १९७२ साली लागला. श्रेयनामावलीत छायालेखक म्हणून नाव जोसेफ विर्शिंगचं.