घाटाखालची वीज आणि घरातला आवाज

अलीकडे कर्जत-खालापूरच्या बाजूस जमीन घेऊन बंगला बांधण्याची हौस मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू कुटुंबांत फारच बळावली आहे. आणि अशा बंगल्याच्या नकाशात देवघराला जागा राहो वा न राहो, ‘होम थिएटर’ नावाच्या एका खोलीला ती पुष्कळदा हटकून राखलेली असते. खिडक्या बुजविलेली, गडद पडद्यांनी वेढलेली, समोर पांढरा पडदा व चोहोबाजूंस स्पीकर मांडलेली ही खोली पाहिली की वडील पिढीतील मंडळी नाक मुरडतात आणि हे अमेरिकेचे खूळ म्हणून तिची वासलात लावतात. तरुण मंडळींस तर ती दुकानदाराच्या यादीबरोबरच जन्मास आली असे वाटते. आमच्या मते दोन्ही पक्ष इतिहासाशी सारखेच अपरिचित आहेत. घरबसल्या चित्र पाहावे व दूरचा गळा आपल्या माजघरात ऐकावा ही इच्छा आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे नांदत आली आहे. आणि पुढे तिला ज्या विजेने बळ दिले तिचे एक माहेर याच खालापूर तालुक्यात, खोपोलीस आहे.

प्रथम चित्राची बाजू पाहू. ल्यूमिए बंधूंची हलती चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखविली गेली, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच्याही आधी, १८९२ च्या सुमारास, कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या भारदस्त नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले होते. काचेवर हाताने रंगविलेली पौराणिक चित्रे, ती एकामागून एक पडद्यावर पाडून हालचालीचा भास उत्पन्न करणारे कंदील, आणि सोबत निवेदन व गायन, असा तो थाट असे. चित्र व नाद एकाच ठिकाणी, एकाच वेळी मिळावेत ही कल्पना येथे पुरती वयात आलेली दिसते. उणीव एवढीच की आवाज यंत्राचा नसून माणसाचा होता. (आम्हांस तर ती उणीव वाटत नाही.) पुढे १९२२ साली पॅथे कंपनीने साडेनऊ मिलिमीटरच्या फितीचे व १९२३ साली कोडॅकने सोळा मिलिमीटरचे घरगुती चित्रयंत्र काढले. परंतु ती मुकी होती आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्याबाहेर फारशी पडली नाहीत.

आवाजाची कथा अधिक रसाळ आहे. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालचा व बर्लिनरची सपाट तबकडी १८८७ सालची. पण हिंदुस्थानी गळे तबकडीवर उतरविण्याचा धंदा खऱ्या अर्थाने सुरू झाला तो १९०२ च्या नोव्हेंबरात, ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास येऊन गौहरजान वगैरेंचे गाणे टिपू लागला तेव्हा. मूळ मुद्रिका जर्मनीत हॅनोव्हर येथे पाठवाव्या लागत. तेथील कारागिरांस गाणाऱ्याची ओळख पटावी म्हणून गाणे संपताच गायिका आपले नाव मोठ्याने सांगे, असे सांगतात. कलकत्त्यास तबकड्यांचा कारखाना निघाला तो १९०८ साली.

या सनावळीतील एक वर्ष मराठी रसिकाला फार बोचते. किर्लोस्कर मंडळीतील ज्या सुभद्रेने अवघा महाराष्ट्र वेडा केला ते भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले. अवघ्या पावणेदोन वर्षांची ही चुकामूक! त्यांच्या गळ्याची वर्णने आपण वाचतो, बालगंधर्वांचा गळा मात्र आजही ऐकतो. आणि एवढ्या एका कारणाने भाऊराव दंतकथेत जमा झाले व बालगंधर्व घरच्या माणसांत. उलट अल्लादियाखाँसाहेबांसारख्या, १९४६ पर्यंत हयात असलेल्या गायकाने आपला आवाज यंत्राच्या हाती दिलाच नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. तासभर फुलणारा राग तेवढ्यात कोंबणे त्यांस मानवले नसेल तर त्यात नवल ते काय? अब्दुल करीमखाँ व हिराबाई बडोदेकर यांनी ती तडजोड पत्करली, आणि त्यांचे गाणे घरोघर गेले.

या ‘घरोघर’ शब्दाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. त्या काळी कुलीन म्हणविणाऱ्या घरांतील स्त्रियांनी बैठकीस जाऊन बसणे शिष्टसंमत नव्हते. बैठकीत गाणाऱ्या बाईची कीर्ती त्यांच्या कानी पडे, गाणे पडत नसे. तबकडीने तो उंबरठा ओलांडला. ओटीवर पुरुषमंडळींनी फोनोस चावी दिली की दाराआड, माजघरात, स्वयंपाक सांभाळीत उभ्या असलेल्या बायकांसही तेच गाणे, त्याच क्षणी ऐकू येई. घरातील नादयंत्राचा इतिहास लिहिताना आम्ही सर्वांत मोठी घटना मानू ती हीच. त्यानंतरच्या सुधारणा यंत्राच्या झाल्या. ही श्रोत्यांची होती.

जुन्या घरात हे गाणे कसे लागत असेल याचाही थोडा विचार करू. घाटाखालच्या गावांतले जुने घर म्हणजे कुडाच्या किंवा मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, वर कौले, आडव्यावर टाकलेल्या गोधड्या आणि कोपऱ्यात भाताची कणगी. यातील प्रत्येक वस्तू कमीअधिक आवाज पिऊन घेते. हा गुण शास्त्राच्या तराजूत प्रथम घातला तो अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस सबाइन या अध्यापकाने. तेथील एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून जात. त्याचे निदान करण्याचे काम १८९५ साली त्याच्याकडे आले. तेव्हा रात्री-अपरात्री शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून, त्या कमीजास्त करून, घुमारा किती वेळ टिकतो हे तो मोजीत बसे. त्याने बसविलेला नियम सोपा आहे. खोलीचे घनफळ घनमीटरांत काढावे, त्यास ०.१६१ ने गुणावे व खोलीतील वस्तूंच्या एकूण शोषणाने भागावे. येईल तितक्या सेकंदांत आवाजाची शक्ती दशलक्षांशावर येते. पाच मीटर लांब, चार रुंद व तीन उंच अशी खोली घेतली तर घनफळ ६० भरते. भिंती गुळगुळीत, जमीन संगमरवरी व एक बाजू काचेची असेल आणि शोषण चार चौरस मीटरांइतकेच असेल, तर घुमारा जवळजवळ अडीच सेकंद रेंगाळेल. सतरंज्या, जाड पडदे, पुस्तकांची कपाटे व माणसे मिळून शोषण वीसवर नेले की तोच अर्ध्या सेकंदाखाली उतरतो, व शब्द स्वच्छ होतो. आज नव्या बंगल्यात लाखो रुपयांची यंत्रे आणून ती काच-संगमरवराच्या पेटीत बसविणारे गृहस्थ आम्ही पाहतो तेव्हा आजीच्या गोधड्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आता विजेकडे वळू. भोर घाटाच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस अडवून त्याच्या उताराचे बळ वापरावे ही योजना जमशेटजी टाटांच्या मनातली. ते १९०४ साली निवर्तले. त्यांच्या मागून १९१० साली कंपनी स्थापन झाली, १९११ साली वळवण येथील धरणाची कोनशिला बसली, आणि १९१५ च्या आरंभी खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईस प्रवाह वाहू लागला. वळवण, लोणावळे व शिरवटे येथील तलावांचे पाणी सुमारे १,७२५ फूट उंचीवरून लोखंडी नळांनी खाली येऊन चक्रे फिरवी, व ती वीज सुमारे ४३ मैलांवर परळास पोहोचे. पुढे १९२२ साली शेजारच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीस व १९२७ साली भिऱ्यास अशीच वीजगृहे चालू झाली. या शेवटच्या योजनेपायी ज्यांच्या जमिनी मुळशीच्या पाण्याखाली गेल्या त्या मावळ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली केलेला सत्याग्रह महाराष्ट्राला ठाऊकच आहे.

ही वीज प्रथम गिरण्यांसाठी होती. पण गिरणगावाला उजेड आला तसा तो चित्रगृहांना व चाळींनाही आला, आणि नादयंत्राचा सारा पुढचा विकास या तारेवरच उभा राहिला. १९२५ च्या सुमारास कर्ण्यात ओरडून गाण्याची पद्धत जाऊन मायक्रोफोनने मुद्रण होऊ लागले. त्याच वर्षी राइस व केलॉग यांनी फिरत्या वेटोळ्याच्या स्पीकरची रचना प्रसिद्ध केली, व आजचे बहुतेक स्पीकर त्याच घराण्यातले आहेत. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ बोलू लागला, व पुढल्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला. खालापूरच्या खेड्यांची स्थिती मात्र चमत्कारिक होती. पाणी त्यांच्या डोंगराचे, वीजगृह त्यांच्या शिवारालगत, तारा त्यांच्या डोक्यावरून गेलेल्या. आणि घरात रॉकेलचा दिवा. वाड्यापाड्यांपर्यंत वीज पोहोचण्यास पुढची कित्येक दशके जावी लागली. चावीच्या फोनोला विजेची गरज नव्हती, म्हणूनच तो खेड्यात एवढा दीर्घायुषी झाला.

त्याच १९३१ सालाने आणखी एक गोष्ट दिली. लंडनचा तरुण अभियंता ॲलन ब्लुमलाइन भावी पत्नीसह बोलपट पाहावयास गेला असता त्याच्या ध्यानात आले, की नट पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जातो, पण त्याचा आवाज एकाच जागेवरून येत राहतो. डोळा व कान यांची ही फारकत त्यास सहन झाली नाही. त्या वर्षाच्या डिसेंबरात त्याने दोन मार्गांनी ध्वनी टिपून तो दोन स्पीकरांतून ऐकविण्याच्या पद्धतीचे पेटंट मागितले. स्टिरिओची व पर्यायाने आजच्या होम थिएटरची मुहूर्तमेढ ती हीच. ब्लुमलाइन १९४२ साली विमान अपघातात मरण पावला. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८ च्या सुमारास.

मधल्या काळात आपल्या घरांवर राज्य केले ते रेडिओने. १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीने ‘गीतरामायण’ ऐकविले तेव्हा ज्या घरी रेडिओ त्या घरी शेजार गोळा होई. पुढे २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन आले, मग व्हिडिओ आला. १९९२ साली चित्रगृहांत अंकीय पद्धतीचा सहा मार्गांचा ध्वनी आला, तोच १९९६ साली निघालेल्या डीव्हीडीने घरी आणला. दुकानदार ज्यास ‘फाइव्ह पॉइंट वन’ म्हणतो त्याचा अर्थ इतकाच: समोर डावा, मधला व उजवा, मागे दोन, आणि केवळ खर्जासाठी राखलेला सहावा मार्ग. २०१२ पासून छतावरूनही आवाज येऊ लागला आहे.

कोणी विचारील, मग आज अशी खोली सजविणाऱ्याने काय करावे? आमचे मत स्पष्ट आहे. पैसा समोरच्या तीन स्पीकरांवर, त्यातही मधल्यावर खर्चावा. कारण संवाद तेथूनच येतो, आणि मराठी चित्रपटाचा जीव संवादात असतो. मागचे साधे चालतील. ऐकणारा व समोरचे दोन स्पीकर यांचा समभुज त्रिकोण व्हावा, स्पीकर कानाच्या उंचीवर असावे, आणि यंत्र घेण्यापूर्वी खोली दुरुस्त करावी. बालगंधर्वांची जुनी पदे सात स्पीकरांतून विखरून ऐकण्यात मात्र काही अर्थ नाही. ती एका कर्ण्यासाठी गायिलेली आहेत, एकाच ठिकाणाहून ऐकावीत.

खर्जाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. सेकंदाला चाळीस कंपने असलेल्या स्वराची लहर सुमारे साडेआठ मीटर लांब असते. तिला पडदे व सतरंज्या अडवीत नाहीत. वीटभिंतीतूनही ती पलीकडे जाते. खालापूरच्या बंगल्यांच्या कुंपणापलीकडे पुष्कळ ठिकाणी कातकऱ्यांच्या व ठाकरांच्या वाड्या आहेत. पहाटे कामावर निघणाऱ्या त्या माणसांच्या घरांत चित्रपट पोहोचत नाही, गाणे पोहोचत नाही, रात्री अकरा वाजता पोहोचतो तो केवळ धडधडाट. ओटीवरचा फोनो शेजाऱ्याला बोलावीत असे. ही बंद खोली शेजाऱ्याला आवाजाचा नेमका नको असलेला भाग तेवढा पाठविते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीच्या भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलांची मर्यादा घातली आहे. परंतु शनिवार-रविवारपुरते येणाऱ्या धन्यास ती कोणी वाचून दाखवावी? सबवूफर भिंतीपासून दूर, जाड रबरी बैठकीवर ठेवला व रात्री त्याचा कान पिळला, तर निम्मे गाऱ्हाणे मिटेल.

या मुलखाची हवाही यंत्रास सोपी नाही. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस येथे पडतो. चार महिने बंद राहिलेल्या खोलीत भिंगावर बुरशी धरते, तारांची टोके गंजतात, आणि आकाशात वीज कडाडली की ॲम्प्लिफायरचा जीव धोक्यात येतो. म्हणून जाणते लोक मृगापूर्वीच तारा सोडवून ठेवतात. छत पत्र्याचे असेल तर आषाढात होम थिएटर जवळजवळ बंदच समजावे. सर पत्र्यावर उतरली म्हणजे सातही स्पीकर तिच्यापुढे हतबल होतात. मंडळी चित्रपट थांबवून पडवीत येऊन बसतात, आणि सर ओसरेपर्यंत घाटावरून ओहळांचा आवाज ऐकू येत राहतो.