मिरजेचा तंबोरा
सांगली जिल्ह्यातील मिरज येथे घडणारे, गायकांच्या खास पसंतीचे तंतुवाद्य. एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब सतारमेकर यांनी ही परंपरा रुजवली. भोपळा पंढरपूर परिसरातला, दांडी तूण लाकडाची. गायक जीव टाकतात तो मात्र जवारीवर. घोडीचा माथा कानसीने अलगद उतरता घासून तारेखाली दोरा सरकवला, की तार घोडीला चाटत राहते आणि एका स्वरातून अनेक उपस्वर फुलतात; हीच जवारी. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गांधार ऐकू येणे, ही अस्सल वाद्याची खूण. विजेवरचा तंबोरा कितीही सोयीचा असला, तरी ही भरीव आस त्यात नाही. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेतच स्थायिक झाले होते. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.