इंद्रजाल कॉमिक्सचा संग्रह

इंद्रजाल कॉमिक्स या भारतीय चित्रकथामालेचे जुने अंक मिळवून क्रमवार जतन करण्याचा, बहुधा बालपणी सुरू होऊन आयुष्यभर टिकणारा छंद.

मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या बेनेट, कोलमन अँड कंपनीने ही माला सुरू केली. ली फॉक यांचा वेताळ (पहा : फँटम) हा तिचा पहिला नायक. पुढे जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन आणि आबिद सुरती यांनी निर्मिलेला बहादूर (१९७६) यांची भर पडली. इंग्रजी, हिंदी, मराठी, बंगाली इ. भाषांत आठशेहून अधिक अंक निघाले. प्रकाशन १९९० मध्ये थांबले.

अंक वाचून झाले की अदलाबदलीत वा रद्दीत जात. त्यामुळे सुस्थितीतील प्रती, विशेषतः १९६० च्या दशकातील, दुर्मीळ आहेत. रद्दीची दुकाने, पदपथावरील जुन्या पुस्तकांचे विक्रेते आणि संग्राहकांतील देवघेव हे अंक मिळवण्याचे मार्ग. प्रतीचे मोल ठरवताना मुखपृष्ठ शाबूत आहे का, मधले जोडपान सुटले आहे का, अंकातील कोडी पेनाने भरली आहेत का, हे तपासतात. आम्लयुक्त कागद पिवळा पडून ठिसूळ होतो; पिना गंजून घडीपाशी तांबूस डाग धरतात व पाने सुटतात. म्हणून गंजक्या पिना काढून, अंक आम्लविरहित वेष्टनात, आडवे व कोरड्या जागी ठेवणे योग्य (पहा : कागद, ग्रंथसंरक्षण).

स्वस्त, अल्पजीवी मुद्रितांकडे ग्रंथालयांचे लक्ष क्वचितच जाते. भारतीय मुखपृष्ठचित्रकारांचे काम आणि चित्रकथांच्या मराठी अनुवादाची भाषा अभ्यासण्यास असे खाजगी संग्रह महत्त्वाचे साधन ठरतात (पहा : अमर चित्रकथा, बालसाहित्य).