इटालियन भाषेचे इटालियन विद्यार्थी

इटलीच्या एकीकरणाची कथा मराठी वाचकाला नवी नाही. सावरकरांनी मॅझिनीचे आत्मचरित्र १९०७ साली मराठीत आणले, तेव्हापासून ती येथे परिचित आहे. मात्र १८६१ मध्ये जे राज्य निर्माण झाले, त्याच्या बहुसंख्य प्रजाजनांना इटालियन बोलता येत नव्हते, ही गोष्ट तितकीशी ज्ञात नाही. तुल्लिओ दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये इटालियन जाणणाऱ्यांचे त्या वेळचे प्रमाण शेकडा अडीच एवढेच मानले. १९८२ मध्ये आर्रिगो कास्तेल्लानीने ते दहाच्या आसपास नेले. कोणताही आकडा स्वीकारला, तरी मिलान, नेपल्स वा पालेर्मो येथील मुलाला स्वतःच्या देशाची भाषा पुस्तकातून शिकावी लागे, हे उरतेच. आणि सुमारे तीनचतुर्थांश प्रजा तर निरक्षर होती.

व्याकरणाची वाण कधीच नव्हती. व्हेनिसच्या पिएत्रो बेम्बोने १५२५ मध्येच पद्यासाठी पेत्रार्क आणि गद्यासाठी बोक्काच्चो हे आदर्श ठरवून दिले होते. म्हणजे आपल्या काळाच्या दोन शतके मागे जाऊन, आणि तेही दुसऱ्या शहराची, भाषा लिहायची. फ्लॉरेन्सच्या क्रुस्का अकादमीने १६१२ मध्ये याच धोरणाचा कोश सिद्ध केला. या व्यवस्थेत सुनीत लिहिता येई, धर्मोपदेश करता येई. कलिंगड मागायचे म्हटले की पंचाईत होई. उत्तरेत त्याला ‘आंगूरिया’ म्हणत, टस्कनीत ‘कोकोमेरो’, दक्षिणेत आणखी वेगळे.

ही उणीव सर्वाधिक तीव्रतेने जाणवली ती आलेस्सांद्रो मान्झोनीला. तो मिलानचा. त्याच्या घरात मिलानी बोली आणि फ्रेंच नांदत होत्या. इटालियन ही त्याने मिळवलेली भाषा होती. ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ या कादंबरीत त्याला लोंबार्दीतील दोन सामान्य विणकऱ्यांची गोष्ट सांगायची होती, आणि अशा माणसांच्या तोंडी घालण्याजोगे इटालियन उपलब्धच नव्हते. कोशांतून वेचलेल्या शब्दांवर त्याने पहिली आवृत्ती १८२७ मध्ये उभी केली. त्याच वर्षी तो फ्लॉरेन्सला गेला आणि तेथील सुशिक्षितांची जिवंत बोली ऐकून आपल्या कादंबरीची भाषा आर्नो नदीच्या पाण्यात खळबळून काढायला हवी, अशा निष्कर्षाला आला. पुढची अनेक वर्षे हे धुणे चालले होते. मिलानमध्ये राहणाऱ्या एमिलिया लूती या फ्लॉरेंटाइन शिक्षिकेला तो नित्याच्या वस्तूंची नावे, वाक्प्रयोग विचारीत असे. युरोपभर कीर्ती झालेला हा लेखक एका घरगुती शिक्षिकेचा विद्यार्थी झाला, हे इटालियन वाङ्मयेतिहासातील एक लोभस प्रकरण होय.

१८४० ते १८४२ या काळात प्रसिद्ध झालेल्या सुधारित आवृत्तीत व्याकरणही बदलले. ‘माझ्यापाशी होते’ या अर्थी पंडितमान्य रूप ‘आवेवा’. मान्झोनीने बोलीतील ‘आवेवो’ स्वीकारले. ‘तो’ या अर्थी ग्रांथिक ‘एल्यी’ऐवजी बऱ्याच ठिकाणी ‘लुई’ आले. वैयाकरणांच्या लेखी ही अशुद्धेच होती. आज इटालियन शिकणारा परदेशी विद्यार्थी पहिल्या काही धड्यांतच ‘आवेवो’ घोकतो.

कादंबरीने जे साधले ते सरकारी आदेशाने साधेल, असे वाटणे ही मान्झोनीची मर्यादा. शिक्षणमंत्री ब्रोल्यो याने नेमलेल्या समितीसाठी १८६८ मध्ये त्याने अहवाल लिहिला : फ्लॉरेन्सच्या प्रचलित भाषेचा कोश करावा, टस्कन शिक्षक प्रांतोप्रांती पाठवावेत. कोशाचे काम १८७० मध्ये सुरू झाले आणि १८९७ मध्ये संपले. त्याच्या नावातच ‘नवा’ या अर्थी ‘नुओवो’ऐवजी फ्लॉरेन्सचा ‘नोवो’ होता. संस्कृताचा व्यासंगी भाषाशास्त्रज्ञ ग्रात्सियादिओ आस्कोली याने १८७३ मध्ये नेमके तेच बोट ठेवले. त्याचे म्हणणे असे, की एका शहराचा उच्चार देशावर लादून भाषा एक होत नाही. विद्येचा प्रसार विरळ आहे आणि लेखक शैलीच्या नादात गुंतले आहेत, हे खरे दुखणे. त्याचे निदान अचूक होते. ‘नोवो’ रुजला नाही. तरीही स्वयंपाकघरातल्या शब्दाची निकड मान्झोनीइतकी आस्कोलीला भासली होती, असे म्हणवत नाही.

ती निकड एका अनपेक्षित ग्रंथाने ओळखली. पेल्लेग्रीनो आर्तूझी हा रोमान्या प्रांतातून येऊन फ्लॉरेन्समध्ये स्थायिक झालेला व्यापारी. १८९१ मध्ये त्याने ४७५ पाककृतींचे पुस्तक पदरमोड करून छापले आणि इतर प्रांतांतील वाचकांना न समजणाऱ्या टस्कन शब्दांचे अर्थ त्याला जोडले. १९११ मध्ये तो वारला, तोवर पाककृती ७९० झाल्या होत्या. पाककलेच्या या पुस्तकाला भाषेच्या इतिहासात मानाचे स्थान मिळाले आहे, ते योग्यच.

आणि तरीही निरक्षर प्रौढ उरलेच होते. १९६० पासून १९६८ पर्यंत आल्बेर्तो मान्झी हा शिक्षक दूरचित्रवाणीवरून त्यांना लिहायला-वाचायला शिकवीत असे. मोठ्या कागदावर कोळशाने तो आधी वस्तूचे चित्र काढी, मग तिचे नाव लिही.