करडईचे तेल आणि रात्रीची गोळी

गेल्या महिन्यात आमच्या डॉक्टरांनी माझा रक्ताचा कागद पाहिला आणि कोलेस्टेरॉल उतरवण्याची गोळी लिहून दिली. मी म्हणालो, "अहो, मी फलटणचा. जन्मभर करडईचे तेल खाल्ले आहे!" ते हसून म्हणाले, "काका, तेल खा, पण गोळीही घ्या."

आमचा हा अभिमान अगदीच पोकळ नाही. माझ्या लहानपणी ज्वारीच्या कडेने काटेरी करडई असे. जनावर आत शिरत नसे आणि घाण्याला बी मिळे. कापणीच्या वेळी हातापायांना फडकी गुंडाळावी लागत. त्या तेलात आजी चकल्या तळी. ते औषध आहे, हे तिच्या गावीही नव्हते.

औषधाचा मान त्याला साता समुद्रापलीकडे मिळाला. त्यातील लिनोलिक आम्लाने रक्तातील कोलेस्टेरॉल उतरतो, हे १९५० नंतरच्या दशकात ध्यानात आले. लगेच १९६१ साली अमेरिकेत हर्मन टॅलर या डॉक्टरांचे पुस्तक निघाले आणि करडईच्या तेलाच्या कुप्या धडाक्याने खपल्या. सरकारने १९६२ साली माल जप्त केला. १९६७ साली टॅलर दोषी ठरले. इकडे १९६८ साली बनबिहारी निंबकरांनी फलटणला कृषी संशोधन संस्था काढली. तिथे पुढे बिनकाट्याची करडई निघाली. आजीला ती पाहायला हवी होती!

पण खरी कथा सिडनीची. १९६६ ते १९७३ या काळात तेथे ४५८ हृदयरोगी पुरुषांवर प्रयोग झाला. निम्म्यांना करडईचे तेल व त्याचेच मार्गारिन दिले. कोलेस्टेरॉल उतरला, मृत्यू मात्र वाढले. तेलवाल्यांत शंभरी सुमारे १८, इतरांत १२. हृदयविकाराच्या मृत्यूंचा हिशेब तर जुन्या नोंदी उकरून २०१३ साली लागला. आकडा उतरणे आणि माणूस वाचणे या दोन गोष्टी निराळ्या, हे मला त्या कागदांनी शिकवले. पंडितांचा वाद अजून मिटलेला नाही.

गोळीची परीक्षा मात्र माणसे मोजून झाली. जपानच्या अकिरा एंडो यांना १९७३ साली एका बुरशीत यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे द्रव्य सापडले. त्याच कुळातील औषध स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरोग्यांवर पारखले. १९९४ साली निकाल लागला, तेव्हा औषध घेणाऱ्यांतील मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी भरले.

हे सारे वाचून झाल्यावर मी मुकाट्याने गोळी सुरू केली. चकल्या यंदाही करडईच्याच तेलात तळल्या आहेत. सूनबाईंनी मला मोजून दोन वाढल्या.