कडेविषयी

१. कड (बेअरिंग एज) : स्नेअर ड्रमच्या लाकडी खोडाचा पडद्याला टेकणारा काठ. लेखकाला ४५ अंशांची टोकदार कड सर्वत्र हवी आहे. तिला पडदा जेमतेम टेकतो, म्हणून नाद लख्ख निघतो आणि रेंगाळतो. गोलसर कडेवर तो भरीव, आखूड होतो. १९५७च्या सुमारास प्लॅस्टिकचे पडदे रुळण्यापूर्वी, वासराच्या कातड्याच्या काळात, अशाच कडा सर्रास असत. आमच्या मते वरची कड गोलसर चालेल. खालची मात्र टोकदारच हवी. शिवाय तारा नीट टेकाव्यात म्हणून ती समोरासमोर दोन ठिकाणी किंचित खोलगट तासावी लागते. शंका असल्यास आधी टोकदार कड करावी : ती नंतर थोडक्यात गोल करता येते, उलट करताना खोडाची उंची घटते. — संपा.