छाट: चूक कोणाची?

निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांच्या मजुरीचा हिशेब हजारावर. चेकरला न पटलेली विडी म्हणजे 'छाट', तिची मजुरी बुडाली. दोष वळणारीच्या हाताचा, हे गृहीतच! पण तेंदूपान वाळकं, फाटकं किंवा वजनाला कमी दिलं तर विडी सरळ येणार कशी? पान निवडणारा हात तिचा नव्हताच. (आम्हा इंजिनिअर मंडळींतही रिजेक्शन आधी मशीनवाल्याच्या नावावर पडतं, माल कोणी पाठवला, हे नंतर.) 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने 39 व्या कलमात नाकारलेल्या विडीबरोबर कच्च्या मालाच्या वाटपाचा वादही धरला. कायदा आला, पण निपाणीत तो मागायला चिकोडी तालुका कामगार महासंघ उभा राहायला सत्तरचं दशक सरत आलं.